छोट्या सीएनसीवर लाकडाचं दातेरी चाक

टेबलावर मावणारी सीएनसी यंत्रं आता घरोघरी नसली तरी गल्लोगल्ली दिसू लागली आहेत. त्यातलं सर्वांत जास्त खपणारं यंत्र ‘३०१८’ या नावाने ओळखलं जातं आणि हे नावच त्याचं माप आहे: ३०० मिमी लांब आणि १८० मिमी रुंद एवढ्या जागेत त्याचं टूल फिरू शकतं. यंत्र जोडून झालं, मोटर हलली, की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. स्पीड किती ठेवू आणि फीड किती ठेवू? मग तक्ते शोधले जातात, ‘हार्डवुड’ असा रकाना सापडतो, त्यातला आकडा यंत्रात भरला जातो आणि पहिलाच जॉब एक तर जळतो किंवा टूल मोडून थांबतो.

दोष त्या आकड्यांचा नसतो. ते तक्ते बहुधा टनभर वजनाच्या कारखानी राउटरसाठी तयार केलेले असतात आणि ‘हार्डवुड’ या एका शब्दाखाली त्यात वीस तऱ्हेची लाकडं कोंबलेली असतात. मला असं ठामपणे वाटतं की छोट्या यंत्रावर काम करणाऱ्याने आधी फळी हातात घ्यावी, तिच्या रेषा कुठून कुठे जातात ते पाहावं, ती किती वाळली आहे ते ठरवावं आणि मगच आकड्यांकडे वळावं. हे दाखवायला एकच वस्तू घेऊ: लाकडी घड्याळातलं १२० मिमी व्यासाचं दातेरी चाक. डबा किंवा नावाची पाटी कापताना अर्धा मिमी इकडेतिकडे झालं तरी निभावून जातं. चाकात तसं होत नाही. तिथे दात दातात बसावा लागतो, फिरावा लागतो आणि पावसाळ्यातही फिरत राहावा लागतो.

आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचा जन्म धातूसाठी झाला. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने असं पहिलं मिलिंग यंत्र जगाला दाखवलं, तेव्हा डोळ्यांपुढे होते विमानांचे गुंतागुंतीचे भाग. ॲल्युमिनियमचा ठोकळा कुठल्याही बाजूने कापा, तो जवळपास सारखाच वागतो. लाकूड तसं वागत नाही. ते झाडाच्या उंचीच्या दिशेने लावलेल्या असंख्य नळ्यांचं बनलेलं असतं. त्या नळ्या लांबीच्या दिशेने ओढल्या तर प्रचंड ताण सोसतात, पण एकमेकींपासून सहज सुटतात. जळणाचं लाकूड फोडणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय कळतं.

आता सागवानाच्या सपाट फळीतून आपलं चाक कापलं असं समजू आणि फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जात आहेत. चाकाच्या डाव्या-उजव्या टोकांना जे दात आहेत त्यांत तंतू दाताच्या बुडापासून टोकापर्यंत सलग जातात, म्हणून ते मजबूत. वरच्या आणि खालच्या टोकांच्या दातांत मात्र तंतू आडवे पडतात. तिथे दात म्हणजे एकमेकांना चिकटलेले तीन-चार मिमीचे तुकडे. कापतानाच त्यांतला एखादा उडतो आणि न उडाला तर घड्याळाला किल्ली देताना उडतो. टूल कितीही धारदार घ्या, फीड कितीही अचूक ठेवा, हा दात वाचत नाही.

यावरचं सर्वांत सुंदर उत्तर तीनशे वर्षांपूर्वी एका सुताराने दिलं. समुद्रावर रेखांश काढण्याचं घड्याळ बनवणारा जॉन हॅरिसन हा मूळचा इंग्लंडमधल्या सुताराचा मुलगा. त्याच्या सुरुवातीच्या घड्याळांतली चाकं लाकडाची होती. त्याने ओकचं चाक केलं, त्याच्या कडेला खाच पाडली आणि दातांचे छोटे छोटे गट वेगळ्या तुकड्यांतून कापून त्या खाचेत असे बसवले की प्रत्येक दातातले तंतू केंद्राकडून बाहेर जावेत. जिथे घर्षण होणार तिथे त्याने लिग्नम व्हिटी हे पाण्यात बुडण्याइतकं जड आणि स्वभावतःच तेलकट लाकूड वापरलं, त्यामुळे त्या जागी वंगण घालावं लागत नसे. ब्रॉकल्सबी पार्क इथल्या तबेल्याच्या मनोऱ्यावर १७२२ च्या सुमारास त्याने बसवलेलं घड्याळ आजही चालतं. त्याच्याकडे ना मोटर होती ना संगणक. होती ती फळी कशी वागते याची पक्की जाण.

आज आपल्याला तेवढे कष्ट नकोत, कारण प्लायवूड आहे. प्लायमध्ये एका थराच्या रेषा आडव्या तर पुढच्या थराच्या उभ्या असतात. त्यामुळे चाकाचा कुठलाही दात घेतला तरी त्यातल्या काही थरांचे तंतू त्याच्या लांबीने जातात. चाकासाठी बर्च प्लाय सर्वांत चांगला, कारण त्याचे थर पातळ, एकसारखे आणि भरीव असतात. १२ मिमीच्या बर्च प्लायमध्ये साधारण नऊ थर असतात. आपल्याकडच्या दुकानात ‘कमर्शिअल’ म्हणून मिळणाऱ्या प्लायमध्ये मधले थर जाड असतात आणि दोन तुकड्यांमध्ये पोकळी राहिलेली असते. वरून ती दिसत नाही. कापताना टूलचा आवाज एकाएकी हलका होतो आणि पुन्हा भरीव होतो, तेव्हा आत पोकळी लागली असं समजावं. एखादा दात नेमका तिथेच आला तर चाक बाद. हा प्लाय डब्याला, स्टँडला चालतो, दातांना नाही. आणि प्लाय कुठलाही असो, त्याच्यावर छापलेली जाडी खरी धरू नये. १२ मिमीचा शीट व्हर्निअरने मोजला तर अनेकदा अर्धा मिमी कमी भरतो आणि खाचेत बसणारे भाग काढताना हा अर्धा मिमीच सगळा घोळ करतो.

अखंड लाकडाचंच चाक हवं असेल तर २ मिमीच्या तीन पातळ फळ्या, प्रत्येकीच्या रेषा साठ अंशांनी फिरवून, एकमेकींवर चिकटवाव्यात. वेळ जातो, पण सागवानाचा रंग मिळतो आणि दातही टिकतात. सागवान चिकटवण्यापूर्वी जोडाची जागा ॲसिटोनने पुसून घ्यावी. त्याचं नैसर्गिक तेल फेव्हिकॉलला नीट धरू देत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. लाकूड वाळलं म्हणजे त्याचं आणि पाण्याचं नातं संपलं, असा समज फार पसरलेला आहे. खरं तर लाकूड आयुष्यभर हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण करत राहतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल, जशी कोकणात जुलैत असते, तर लाकडातलं पाणी सावकाश वाढत त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत जातं. आर्द्रता २० टक्के असेल, जशी विदर्भात मे महिन्यातल्या दुपारी असते, तर ते चार-पाच टक्क्यांकडे उतरू लागतं. घरातली फळी या दोन टोकांपर्यंत सहसा पोहोचत नाही, पण वर्षभरात पाच-सहा टक्क्यांचा हेलकावा खाते.

आणि हा हेलकावा सगळ्या दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या लांबीत लाकूड जवळपास आटतही नाही, फुगतही नाही. आडव्या दिशेत ते चांगलंच हलतं आणि वर्षवलयांना समांतर दिशेत तर वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. सागवान हे हलण्याच्या बाबतीत अत्यंत शांत लाकूड मानलं जातं, आणि ते खरंच आहे. तरीही त्याच्या सपाट चिरलेल्या फळीत ओलावा एक टक्का बदलला की रुंदी सुमारे ०.१९ टक्का बदलते. आपलं १२० मिमीचं चाक उन्हाळ्यात ८ टक्के ओलाव्याला कापलं आणि पावसाळ्यात ते १४ टक्क्यांवर गेलं, तर तंतूंना आडव्या दिशेने ते जवळपास १.४ मिमी वाढतं. तंतूंच्या लांबीत जिथल्या तिथे. म्हणजे गोल कापलेलं चाक लंबगोल झालं. एप्रिलमध्ये सुरळीत फिरणारं घड्याळ ऑगस्टमध्ये अडखळतं ते यामुळे. प्लायमध्ये आडवे-उभे थर एकमेकांना रोखून धरतात, म्हणून तो हलला तरी थोडा आणि सगळीकडे सारखा हलतो.

फळी आणल्या आणल्या कापू नये, ती जिथे वापरायची त्याच खोलीत दोन-तीन आठवडे हवा खेळेल अशी उभी ठेवावी, असं जुने सुतार सांगत. ओलावा मोजायचा छोटा मीटर आता स्वस्तात मिळतो. तो नसेल तर फळीचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलावा. वजन उतरायचं थांबलं की फळी त्या खोलीच्या हवेशी जुळली.

लाकडांची निवड करताना मी वजनापासून सुरुवात करतो, कारण छोट्या यंत्राला सर्वांत आधी वजनच जाणवतं. शिवण हलकी, घनमीटरला पाचशे किलोच्या आसपास, शांत आणि मऊ. कोकणात आणि घाटमाथ्यावर ती सहज मिळते आणि शिकण्यासाठी तिच्यासारखं लाकूड नाही. पॅकिंगचं पाइन त्याच वजनाचं, पण त्यात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून येतात आणि बारीक टूल त्या पट्ट्यांवर डोलतं. गाठ आली तर विचारूच नका. सागवान साडेसहाशेच्या घरात, कापायला गोड, पण त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचीच जात. हायस्पीड स्टीलच्या टूलची धार ती भराभर खाते, म्हणून सागवानाला कार्बाइडचंच टूल लावावं. आंब्याचं लाकूड स्वस्त आहे, रंगही देखणा, मात्र त्याचे तंतू मध्येच दिशा बदलतात आणि बारीक दातांना ते धोक्याचं. बाभूळ आणि शिसव आठशेच्या वरची. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ का वापरायचे ते तिच्यात टूल घातलं की लगेच कळतं. घड्याळातल्या मोठ्या चाकाला ती नको. त्याच्याशी जुळणारं जे छोटं चाक, ज्याला पिनिअन म्हणतात, त्याच्यासाठी मात्र ती उत्तम, कारण पिनिअनचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या दातापेक्षा कितीतरी अधिक वेळा घासला जातो.

वाड्याच्या पाडकामातून आलेलं जुनं सागवान मिळालं तर जरूर घ्यावं, पण प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ते यंत्राखाली घालू नये. आत मोडलेला एक खिळा टूलचा आणि कधी डोळ्याचाही घात करतो. एमडीएफला दिशा नसते, तो कापायला सोपा आणि मोजमापात भरवशाचा, पण त्याचे दात कडेला कुसकरतात आणि पाणी लागलं की फुगतात. पहिला नमुना एमडीएफमध्ये कापून आकार तपासावा आणि खरं चाक प्लायमध्ये कापावं, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता आकडे. पण त्याआधी एक निर्णय संगणकावर, चित्र काढतानाच घ्यायचा असतो. १२० मिमीच्या चाकाला दात किती? साठ दात घेतले, म्हणजे मॉड्यूल (व्यास भागिले दातांची संख्या) २ ठेवला, तर दोन दातांमधली फट तळाशी जेमतेम १.६ मिमी राहते. त्यात दीड मिमीचंच टूल जाईल. त्याच व्यासात चाळीस दात घेतले, मॉड्यूल ३, तर तळाची फट २.७ मिमीच्या आसपास होते आणि २ मिमीचं टूल मोकळेपणाने जातं. अर्ध्या मिमीचा हा फरक किरकोळ दिसतो, तसा तो नाही. टूलचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणून २ मिमीचं टूल दीड मिमीच्या टूलपेक्षा तिपटीहून जास्त ताठ असतं. टूल कॉलेटबाहेर, म्हणजे त्याला धरणाऱ्या पकडीबाहेर, किती लांब आहे याचाही हिशेब असाच कडक आहे. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट. म्हणून चाकाला ६ मिमी जाडी पुरेशी असताना ९ मिमी घेऊ नये आणि टूल कामाला लागेल तेवढंच बाहेर काढावं. छोट्या यंत्रात शक्तीची चणचण नसते, ताठपणाची असते. बहुतेक सगळ्या अडचणी तिथून येतात.

स्पीड आणि फीड यांना जोडणारी एकच गोष्ट आहे, चिप. टूलची प्रत्येक धार एका फेऱ्यात लाकडाचा किती जाड काप काढते, ते मोजायचं. फीड, म्हणजे टूल मिनिटाला किती मिमी पुढे सरकतं ते, फेऱ्यांची संख्या गुणिले धारांची संख्या गुणिले चिपची जाडी एवढं असतं. ३०१८ सोबत येणारी ७७५ मोटर बिनओझ्याची मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे फिरते. दोन फ्लूटचं, म्हणजे दोन धारांचं, टूल आणि ०.०४ मिमीची चिप धरली तर फीड ८०० मिमी येतं. एका फ्लूटचं टूल लावलं तर त्याच चिपसाठी ४०० मिमी पुरतं. कमी ताठ यंत्राला एका फ्लूटचं टूल का सोसतं ते यातून दिसतं. उलट ज्यांच्या यंत्रावर ट्रिमर राउटर आहे ते त्याचा खटका बहुधा वरच्या टोकाला ठेवतात, ३० हजार फेऱ्यांवर. मग त्याच चिपसाठी दोन फ्लूटच्या टूलला २४०० मिमी फीड लागतं आणि छोटं यंत्र दाताच्या वळणावर तेवढं धावूच शकत नाही. राउटरचा वेग खाली आणावा, दहा-बारा हजारांवर. आवाजही कमी होतो.

सर्वांत जास्त जळालेलं लाकूड एकाच चुकीतून येतं. टूल घाबरवणारा आवाज करतं, माणूस फीड कमी करतो. ८०० चं ३०० केलं की दोन फ्लूटला चिप उरते ०.०१५ मिमी, आणि वापरलेल्या टूलच्या धारेला स्वतःचीच गोलाई जवळपास तेवढी असते. धार मग लाकडात शिरत नाही, नुसती घासते. लाकूड उष्णता वाहून नेत नाही. ती वाहून नेणारी एकमेव गोष्ट म्हणजे उडणारी चिप, आणि तीच आता उडत नाही. टूल तापतं, लाकूड तपकिरी होतं, धार बोथट होते, आवाज आणखी वाढतो आणि माणूस फीड आणखी कमी करतो. टूल त्रासलं असं वाटलं की कमी करायची ती खोली. फीड तसंच ठेवावं. ३ मिमीच्या टूलला शिवणीत किंवा पाइनमध्ये एका फेरीत दीड मिमी खोली ठीक, सागवानात किंवा बर्च प्लायमध्ये एक मिमी, बाभळीत अर्धा. २ मिमीच्या टूलला याहून थोडं कमी. यंत्र जड असेल, बॉल स्क्रूचं असेल, तर टूलच्या व्यासाएवढं खोल जायला हरकत नाही.

आकडा बरोबर आहे की नाही हे सांगणारा पुरावा यंत्राखालीच पडलेला असतो. मोटर पूर्ण थांबली की तिथला चुरा चिमटीत घ्या आणि चोळा. बोटांना कडा असलेले, वेगवेगळे कण जाणवले तर टूल कापतंय. पिठासारखं मऊ लागलं तर ते घासतंय. एमडीएफ याला अपवाद, त्याचा चुरा बारीकच पडतो. टूललाही थांबल्यावर हात लावून पाहावा. कोमट ठीक, बोट टेकवत नसेल तर काहीतरी चुकलं आहे.

इथे चाक कापणाऱ्याला एक जास्तीची अडचण येते आणि ती तक्त्यात कधीच लिहिलेली नसते. फीड ८०० लिहिलं म्हणून यंत्र ८०० ने जातं असं नाही. त्याला वेग घ्यायला जागा लागते. दाताची बाजू जेमतेम काही मिमीची, आणि दोन्ही टोकांना टोकदार वळणं असतील तर यंत्र तिथे जवळपास थांबतं. ग्रबल या नियंत्रकाच्या मूळ मांडणीत त्वरण सेकंदाच्या वर्गाला १० मिमी ठेवलेलं असतं. त्या त्वरणाने ४ मिमीच्या अंतरात यंत्र फार तर ३८० मिमीचा वेग गाठतं आणि लगेच ब्रेक लावतं. मोटर मात्र दहा हजारांनीच फिरत असते. म्हणून लांब सरळ रेघ स्वच्छ निघते आणि दातांची टोकं काळी पडतात. नियंत्रकाच्या सेटिंगमध्ये जाऊन हे त्वरण पायरीपायरीने वाढवावं, यंत्र स्टेप चुकू लागलं की तिथून बरंच मागे यावं. तेवढ्यानेही भागलं नाही तर मोटरचे फेरे उतरवावेत, म्हणजे संथ वेगातही चिप जाड राहते.

टूलच्या पिळाबद्दल थोडक्यात. अपकट टूल चुरा वर ओढतं आणि वरच्या पृष्ठाचे तंतू फाडतं. डाउनकट वरचं पृष्ठ स्वच्छ ठेवतं, पण चुरा खाचेत दाबत जातं आणि खोल खाचेत तो तापतो. कॉम्प्रेशन टूलमध्ये दोन्ही पीळ असतात, मात्र खालचा अपकट भाग पहिल्याच फेरीत पृष्ठाच्या खाली गेला तरच त्याचा उपयोग, आणि एवढं खोल एका फेरीत जाणं ३०१८ च्या आवाक्यातलं नाही. चाकासाठी मी डाउनकट घेईन आणि व्हॅक्युमची नळी खाचेजवळ धरेन.

टूल चाकाभोवती कुठल्या दिशेने फिरवायचं, यावर मात्र थांबून विचार करायला हवा. टूल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. चाकाच्या बाहेरूनही त्याला त्याच दिशेने नेलं तर तो क्लाइंब कट. यात धार जाड चिपने सुरुवात करून पातळ होत बाहेर पडते आणि तंतू लाकडाकडे दाबले जातात. उलट दिशेने नेलं तर कन्व्हेन्शनल. त्यात धार बाहेर पडताना तंतू उचकटते. अखंड लाकडाच्या गोल चाकात चार पाव भाग असतात. कन्व्हेन्शनल कटमध्ये त्यातल्या समोरासमोरच्या दोन भागांत टूल रेषांसोबत जातं आणि उरलेल्या दोन भागांत रेषांच्या विरुद्ध. दात उडतात ते या दोन भागांत. मग सगळं काम क्लाइंबनेच का करू नये? कारण क्लाइंब कट टूलला पुढे खेचतो आणि हलक्या यंत्राच्या स्क्रूमध्ये जो प्ले असतो तेवढी ते उडी मारतं. म्हणून पहिलं रफिंग कन्व्हेन्शनलने करावं, दातांच्या बाजूंना ०.२ मिमी लाकूड राखावं आणि शेवटची एकच फेरी क्लाइंबने घ्यावी. एवढी पातळ फेरी टूलला खेचू शकत नाही. २ मिमीच्या टूलला ०.२ मिमी म्हणजे दहा टक्के रुंदी, आणि इतक्या कमी रुंदीत चिप हिशेबापेक्षा पातळ पडते, म्हणून या फेरीला फीड दीडपट करावं. हे धाडस वाटतं, पण दाताची बाजू त्यानेच गुळगुळीत येते.

चाक धरून ठेवायला टॅब सोडले तर ते नेमके दातांवर येतात आणि कानशीने घासताना दाताचा आकार बिघडतो. त्यापेक्षा प्लायच्या पाठीला आणि खालच्या एमडीएफच्या पाटीला मास्किंग टेप लावावी आणि दोन्ही टेपांच्या मध्ये सुपरग्लू सोडावा. पकड सपाट आणि घट्ट येते, काम झाल्यावर टेप सोलून निघते. मधलं भोक आणि आरे आधी कापावेत, दात नंतर. टूल लाकडात सरळ खाली घुसवू नये, उतार करत उतरवावं. सरळ घुसवताना टूलच्या टोकाचा मध्यबिंदू काहीच कापत नाही, नुसता दाबून जाळतो.

या सगळ्यात भुसा होतो आणि त्याच्याकडे हौशी लोक जेवढं दुर्लक्ष करतात ते मला फार खुपतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला आहे. एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा डिंकही असतो. सागवान आणि शिसव यांच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येतो. घरात यंत्र असेल तर एन-९५ मास्क, व्हॅक्युम आणि बंद पेटी या तीनही गोष्टी हव्यात. काम संपलं तरी मास्क लगेच उतरवू नये, सर्वांत बारीक कण बराच वेळ हवेत तरंगत असतात. आणि यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊ नये. फाइल अडकली आणि टूल एकाच जागी लाकडात फिरत राहिलं तर निखारा पडतो. व्हॅक्युमने तो ओढला की पिशवीत भुसा आहेच.

चाक निघालं की दोन्ही बाजूंना आणि दातांच्या तोंडांनाही पातळ शेलॅक द्यावं. त्याने ओलावा थांबत नाही, पण शिरण्याचा वेग मंदावतो. मग चौकटीवर जुळणी. चाळीस दातांचं चाक आणि दहा दातांचं पिनिअन, मॉड्यूल ३, म्हणजे दोघांच्या केंद्रांत ७५ मिमी अंतर. चौकटीत पिनिअनचं भोक मात्र गोल कापू नये. चाकाच्या केंद्राकडे जाणारी, दोन्ही बाजूंना एकेक मिमी मोकळीक असलेली लांबट खाच कापावी आणि बेअरिंगची पट्टी तीवर स्क्रूने आवळावी. उन्हाळ्यात कापलेलं चाक पावसाळ्यात जड फिरू लागलं की स्क्रू सैल करून पिनिअन अर्धा मिमी मागे घेता येतं, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत पुढे.